सात गावांचा बाजार

"काकू, तिथं नका ठेवू, तिथं डोंगर आहे!"

भज्यांची ताटली माझ्या हातातच राहिली. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद अंथरलेला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वाट्या पालथ्या घातल्या होत्या. कागदावर निळी नदी, तपकिरी डोंगर, हिरवं रान आणि सात गोल काढलेले. गोल म्हणजे गावं. डोंगरावर नको म्हणतात म्हणून मी ताटली नदीत ठेवली. सगळी पोरं हसली. मीही हसले, पण तोंडाला पदर लावून आणि स्वयंपाकघरात जाऊन.

हा माझ्या सुनेचा रविवारचा खेळ. आम्ही चऱ्होलीचे जुने. आमच्या रानात सोसायटी झाली आणि तिच्यातच तिसऱ्या मजल्यावर आम्हाला घर मिळालं. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याची सुट्टी गुरुवारी. सून हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करते, तिची सुट्टी शनिवार-रविवार. लग्नाला आठ महिने झाले होते आणि दोघांची सुट्टी काही एका वाराला येत नव्हती. मग रविवारी तिच्या ओळखीची तीन मुलं घरी यायला लागली. एक चिंचवडचा चष्मेवाला, तिच्याच ऑफिसातला. एक नांदेडची मुलगी, मारुंजीला खोली घेऊन राहते ती. आणि एक चाकणचा मुलगा, त्याच्या अब्बांचं ट्रकचं गॅरेज आहे.

पहिल्या रविवारी मी घाबरले होते. मी कणीक मळत होते आणि बाहेरून नांदेडच्या मुलीचा आवाज आला, "मेला का नाही अजून? अजून एकदा मारायलेव मी त्याला!" ह्यांनी गॅलरीतून आत डोकावून मला विचारलं, "काय चाललंय गं? कुणाला मारत्यात?"

"खेळ हाय त्यो," मी म्हटलं.

"कोन जिततंय?"

"कुनीच न्हाई. ह्यात जितायचं नसतंय."

"मग खेळत्यात कशाला?" म्हणाले, आणि पेपर घेऊन परत गॅलरीत गेले.

खेळ असा. एकाने एक मुलूख मनाने तयार करायचा, त्यात गावं, माणसं, भांडणं सगळं आलं. ते काम सुनेचं. बाकीच्यांनी त्या मुलखातलं एकेक माणूस व्हायचं. चष्मेवाला तलवारबहाद्दर होता, नांदेडची मुलगी जादूगारीण आणि चाकणचा मुलगा तिरंदाज. तो काय करतो, ती काय बोलते, हे त्यांनी सांगायचं आणि मग काय झालं ते सुनेने सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. त्या फाशाला वीस बाजू. बोराएवढा असतो, कायम सोफ्याखाली जातो आणि झाडताना मलाच सापडतो.

चार-पाच रविवारांत मला त्या मुलखाची सवय झाली. मी भाजी निवडायला स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची. मेथीची एक जुडी मी अडीच तास निवडलेली आहे. नदीवरची नाव चालवणारी म्हातारी मला आवडायची. तिचा आवाज सून नाकातून काढायची. आठवडाभर जी सून "हो आई", "नको आई", "ठेवते आई" एवढंच बोलायची, ती रविवारी दुपारी खदखदून हसायची, ओरडायची, राक्षस व्हायची, म्हातारी व्हायची. माझ्याशी ती कमी बोलायची यात तिची चूक नव्हती. मीच अशी. शाळेत मला सगळं यायचं, पाटीवर लिहून दाखवायची. पण उभी राहून सांग म्हटलं की घसा मिटायचा. चौथीपर्यंत असंच चाललं. पाचवीची शाळा नदीपलीकडे होती, तिथे गेलेच नाही. घसा मात्र तसाच राहिला. मी न बोलणारी सासू आणि ती नवीन सून, मग घरात काय आवाज होणार? रविवारी तेवढा व्हायचा.

त्या मुलखातली गोष्ट अशी चालली होती की एक व्यापारी गावोगावच्या बाजारात पुड्या विकतो. दुःखावरचं औषध आहे म्हणून सांगतो. लोक पाण्यातून घेतात आणि आपली माणसं विसरतात. आई लेकाला ओळखत नाही, नवरा बायकोला. त्या व्यापाऱ्याला धरायचं, हे या तिघांचं काम.

तो काही सापडेना. तीन रविवार गेले. सातही गावांचा बाजार सुनेने रविवारी ठेवला होता. ही तिघं एका गावात जायची तर तो दुसऱ्या गावात असायचा. मग फासा टाकायचा, पुढच्या रविवारची वाट बघायची, परत तेच.

"बोअर होतंय राव," तिसऱ्या रविवारी चष्मेवाला म्हणाला. "सात गावं आहेत पण सगळी सारखीच. फक्त नाव बदललंय. आपण नुसतं अंदाजपंचे फिरतोय."

"ती एकटी किती करील की हो?" नांदेडची मुलगी म्हणाली, पण तिनेही जांभई दिली.

"पुढच्या रविवारी बघू," तो म्हणाला. "नाही जमलं तर बंद करू ना. मला तसंही रविवारी क्लास लावायचाय."

सून हसून "चालेल" म्हणाली. पोरं गेल्यावर तिने नकाशाची गुंडाळी केली आणि कपाटाच्या वर टाकली. एरवी ती तो सोफ्यामागे उभा ठेवायची. वाट्या धुवायला आणून दिल्या तेव्हा तिने वर बघितलं नाही.

मला चूक कळलेली होती. त्या तिनातल्या पहिल्याच रविवारी कळली होती. शेजारशेजारच्या सात गावांचा बाजार एका वाराला कधी असतो का? मग व्यापाऱ्यांनी काय करायचं? माझी आई भाजीची पाटी घेऊन बाजार करायची. चाकणचा बाजार शनिवारचा, तो मोठा, तो चुकवायचा नाही. बाकीच्या गावांना आपापले वार. तीच तीच माणसं वारावारी त्या गावांतून फिरायची. मीठ-मिरचीवाला, दोरखंडवाला, चपलावाला. आईला नुसता वार सांगितला की ती सांगायची, आता अमका माणूस अमक्या गावात पाल ठोकून बसला असेल.

सोमवारी सकाळी मी ते बोलायचं ठरवलं. सून सव्वासातला कंपनीच्या बसला जाते. मी डबा तिच्या हातात दिला, ती "येते आई" म्हणाली, मी "व्हय" म्हटलं आणि दार लावलं. मंगळवारीही तेच. बुधवारी मी गिरणीच्या पावतीच्या मागे लिहिलं, "सात गावांचा बाजार एका दिवशी नसतो. वार वेगळे पाहिजेत. व्यापारी फिरता असतो." ती चिठ्ठी डब्यात पोळ्यांवर ठेवली आणि झाकण लावलं. नंतर सकाळभर वाटत राहिलं, काय हे आपण केलं, तिच्या ऑफिसात लोक बघतील, सासू चिठ्ठ्या पाठवते म्हणतील.

सव्वाएकला फोन वाजला.

"आई, हे बाजाराचं नीट सांगा ना. मी वही घेऊन बसलेय."

समोर तोंड नसलं की मला बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी गॅसजवळ उभी राहून बोलत सुटले. मोठ्या गावाचा बाजार सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेव. जनावरांचा बाजार ज्या गावाला पाणी भरपूर त्या गावाला. नदीकाठच्या गावाला मासळी येईल. एखादं गाव इतकं लहान असतं की त्याला बाजारच नसतो, ते शेजारच्या गावावर चालतं. आणि व्यापाऱ्याला एक दिवस घरी लागतोच, माल भरायला.

"मग गावात अनोळखी माणूस आला तर लोक काय करतात?" तिने विचारलं.

"काय करत्यात? इचारत्यात. कुठल्या गावचं, कुनाच्या घरचं. सांगता आलं तर पानी देत्यात. न्हाईतर लांबूनच बोलत्यात."

"वा!" ती म्हणाली. तिचं लिहिणं मला ऐकू येत होतं. तिचं जेवण राहिलं त्या दिवशी. संध्याकाळी अर्धा डबा परत आला. पण नकाशा कपाटावरून खाली उतरला होता. प्रत्येक गोलापाशी बारीक अक्षरात वार लिहिलेला होता. एक गोल तेवढा रिकामा होता.

रविवारी मी गवार घेऊन दाराशी बसले. गवार मेथीपेक्षा जास्त वेळ पुरते.

सुरुवातीला मुलांच्या लक्षात आलं नाही. मग नांदेडची मुलगी नकाशावर वाकली. "अगं बाई, वार लिहिलेत की! थांबा, थांबा. सोमवारी इथं पुड्या विकल्या, मंगळवारी नदीकाठी. बुधवारी जनावराच्या बाजारात. हा ओळीनं फिरायलाय!"

"मग उद्या कुठे असणार ते कळेल आपल्याला," चष्मेवाला पुढे सरकला.

"बाजारात नको धरायला," चाकणचा मुलगा म्हणाला. "गर्दीत पळेल. माझे मामू असेच बाजार करायचे, टॉर्च आणि बॅटऱ्या विकायचे. सहा दिवस सहा गावं. शुक्रवारी घरी, नमाज पढून माल भरायचे. त्यांना गाठायचं तर शुक्रवारी, हे सगळ्यांना माहीत होतं. याचा घरचा दिवस कुठला?"

तिघांनी बोटं ठेवून वार मोजले. मग तिघांचंही बोट त्या रिकाम्या गोलावर आलं.

"या गावाला बाजार नाही?" चष्मेवाल्याने विचारलं.

"नाही," सून म्हणाली. तिचं तोंड सरळ होतं पण टेबलाखाली पाय हलत होता. तो मला दाराशी बसून दिसत होता.

"तो तिथं राहतो! अरे यार, तो तिथं राहतो!"

एवढा गलका झाला की हे गॅलरीतून म्हणाले, "सापडला काय रे चोर?" म्हणजे हेही ऐकत होते.

तिघं त्या लहान गावाला गेले. आणि तिथे खेळ परत अडला. वेशीवर चार म्हातारे बसलेले. सुनेने जाड आवाज काढला. "कुठल्या गावचं पाव्हणं?"

चष्मेवाला म्हणाला, "माझं गाव राक्षसांनी जाळलं. मी एकटाच उरलो."

"कुणाच्या घरचे तुम्ही?" सुनेने नांदेडच्या मुलीला विचारलं.

"मला कुणी नाही. मी जंगलात सापडलेली हाय."

"आणि हा?"

"यतीम," चाकणचा मुलगा म्हणाला. "अब्बा-अम्मी लहानपणीच गेले."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पाणी दिलं नाही. व्यापाऱ्याचं घर कुठलं ते सांगितलं नाही. गावातली दारं लागली. चष्मेवाल्याने तलवारीचा धाक घातला, फासा टाकला, तीन पडले. लोकांनी दगड उचलले. नांदेडच्या मुलीने जादू केली, फाशावर पाच. आणखी दोनदा टाकला, काही झालं नाही.

"झालं," चष्मेवाला म्हणाला. त्याने कागद गोळा करायला सुरुवात केली. "परत अडकलो. हे काय, गावात शिरता पण येत नाही. आपण दुसरं काहीतरी करू या यार, पिक्चर बघू."

सुनेला खेळवताना मुद्दाम सोपं करता आलं असतं, पण ते तिला पटत नसावं. ती नकाशावरच्या त्या गोलाकडे बघत होती.

माझ्या हातात गवारीची शेंग तशीच राहिली होती. कुणाच्या घरचे, हे विचारायला मीच सांगितलं होतं. माझ्यामुळे खेळ सुरू झाला होता आणि माझ्यामुळेच बंद पडत होता. चष्मेवाल्याने पेन खिशाला लावलं. त्याने एकदा बॅग उचलली की पुढचा रविवार नाही, आणि घर परत "हो आई", "नको आई" वर येणार.

"कासारनीला कुनी अडवत न्हाई," मी म्हटलं.

आवाज कुणाचा ते मलाच आधी कळलं नाही. चौघांनी मान वळवली. मी खाली बघितलं, गवारीकडे. आता काही होणार नाही असं वाटलं तेवढ्यात सुनेने तोच जाड आवाज काढला. माझ्याकडे बघून नाही. नकाशाकडे बघून.

"कोण गं बाई तू? कुठल्या गावची?"

मला कळलं की हे मला विचारलं आहे. कागदावरच्या त्या वेशीवर मी उभी होते. घसा मिटायला लागला होता, पण ज्या बाईला हे विचारलं होतं ती मी नव्हतेच. ती कासारीण होती. आणि कासारणीला बोलावंच लागतं.

"मी कासारीन," मी गवारीला सांगितलं. "नदीपल्याडची. माझी थोरली बहीन तुमच्या शेजारच्या गावात दिलीय, बुधवारचा बाजार हाय त्या. नंदेची सून तुमच्याच गावची. ही तिघं माझी भाचरं. बांगड्यांची पेटी उचलायला आनल्यात."

मग चाकणचा मुलगा हळूच म्हणाला, "खालाजान, पेटी जड आहे," आणि नांदेडची मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

"वेस उघडली," सून म्हणाली. "बायका बोलवायला लागल्यात. आता कुणाच्या घरी जाणार?"

"त्या यापाऱ्याच्या बायकूकडं."

पुढचं मी सांगितलं, बसल्या जागेवरून. नवरा घरात लपला असला तरी कासारणीला बाहेरून परत पाठवत नाहीत. ओटीवर बसवतात. बांगड्या भरायला वेळ लागतो, हात हातात घेऊन दाबावा लागतो, नाहीतर काच लागते. हात दुसऱ्याच्या हातात असला की बाईला खोटं बोलणं अवघड जातं. भरून झाल्यावर बाई कासारणीच्या पाया पडते. तेव्हा विचारायचं.

"काय विचारणार?" सुनेने विचारलं. आता तिचा आवाज त्या बायकोचा होता, बारीक आणि दमलेला.

"बये, तुझा नवरा तुला वळखतो का?"

ही गोष्ट सुनेने ठरवलेली नव्हती, हे मला तिच्या तोंडावरून कळलं. तिने फासा उचलला, उठली, दाराशी आली आणि माझ्या हातावर ठेवला. "टाका आई."

मी तो गवारीच्या परातीत टाकला. शेंगांमध्ये तो तिरका बसला. चष्मेवाला टेबल सोडून धावत आला, गुडघ्यावर बसून बघितलं आणि ओरडला, "अठरा! काकू, अठरा!"

बायको रडली. नवऱ्यानेही स्वतःच्या पुड्या घेतल्या होत्या, तो तिला ओळखत नव्हता. तो माजघरात बसलेला होता आणि तो कोण हे त्यालाच नीट सांगता येत नव्हतं. त्याला धरायला तलवार लागली नाही. चष्मेवाला जरा हिरमुसला, पण घरी जाताना दारात चप्पल घालत म्हणाला, "पुढच्या रविवारी किती वाजता?"

क्लासचं काही बोलला नाही.

त्या आठवड्यात सुनेने मला एक कोरा कागद दिला. खेळात प्रत्येकाने आपल्या माणसाचा असा एक कागद लिहायचा असतो. तो कोण, कुठला, आधी काय काय झालं. नमुना म्हणून तिने त्या तिघांचे कागद दाखवले. मी ते चष्मा लावून वाचले. एकाचं गाव जळालं. एकीला लांडग्यांनी वाढवलं. एकाचे आईबाप तापाने गेले. मधेच खेळ सोडून गेलेल्या एका मुलाचा जुना कागद होता, त्याचेही.

"ही सगळीच पोरकी कशी गं?" मी विचारलं. आता मी तिला विचारू शकत होते, आम्ही दोघी गवारीच्या त्या दुपारनंतर थोडं थोडं बोलायला लागलो होतो.

ती हसत सोफ्यावर आडवी झाली. "अहो आई, आई असली तर जाऊ देईल का तलवार घेऊन राक्षस मारायला?"

"न देईना. डबा तर देईल."

माझा कागद लिहायला मला चार दिवस लागले. पुढून भरला, मागून भरला, मग वहीची दोन पानं जोडली. माझ्या कासारणीचा नवरा आहे, तो घरी असतो आणि पेपर वाचतो. आई आहे. सासू आहे. दोन बहिणी, तीन नणंदा, एक दीर, तो रागावून वेगळा राहतो पण सणाला येतो. त्या सातही गावांत तिचं कोणी ना कोणी दिलेलं किंवा केलेलं आहे. दोन गावांमध्ये मात्र सोयरीक होत नाही, पूर्वी पाण्यावरून काही झालं होतं, ते काय हे कुणालाच नीट आठवत नाही. सुनेने ते सगळं वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"एवढी माणसं! आणि हे सगळे मला बोलायचेत?"

"मी मदत करीन," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी टेबलाला पाचवी खुर्ची होती. मी ती थोडी मागे ओढून बसले, स्वयंपाकघराच्या बाजूला, भाजी मांडीवर घेऊन. तसं मला बरं पडतं. भाजी असली की हाताला काम असतं आणि बघायला जागा असते. ह्यांनी गॅलरीतली खुर्ची दारात आणली होती. ऊन लागतं म्हणाले.

चष्मेवाला आला तो हातात आपला जुना कागद घेऊनच. त्याने वरच्या दोन ओळी खोडल्या होत्या आणि काठाला नवीन लिहिलं होतं. माझ्यापुढे धरला, पण बोलला सुनेशी.

"गाव जळालं ते खरंय. पण आई वाचली होती. ती दुसऱ्या गावाला निघून गेली, हे मला आत्ता कळलंय. चालेल का?"

"कुठल्या गावाला?" सुनेने विचारलं.

त्याने नकाशाकडे बघितलं. सातही गोलांत माझ्या कासारणीची माणसं भरलेली होती. डोंगराच्या पलीकडे कागद संपत होता.

सून उठली. आतून एक कागद आणि चिकटपट्टी घेऊन आली आणि डोंगराच्या बाजूला तो कागद जोडला. त्याला दाबायला पाचवी वाटी मी दिली. तिने त्यावर एक गोल काढला, पेन हातात धरून माझ्याकडे वळली आणि थांबली.

"आई, इथला बाजार कुठल्या वारी?"

मी विचार केला. शनिवार मोठ्या गावाचा, तो गेलेला. बाकीचे वार अलीकडच्या लहान गावांचे, ते डोंगरापलीकडे परत चालतात, आणि गुरुवारी माझा मुलगा घरी असतो. डोंगर चढून लोक यायचे म्हणजे सकाळचा बाजार चालायचा नाही.

"गुरवारी," मी म्हटलं. "दुपारनं."